चुलीतली मोसंबीची साल

आई,

आधी घडलं ते, जसंच्या तसं.

१. मागच्या सोमवारी वहिनी बाळंत झाली. दुसरी खेप, म्हणून सासरीच.
२. तिच्या रोजच्या जेवणात भाकरी, वरण, पालेभाजी, दूध आणि एक मोसंबी असावी, असं मी सांगितलं.
३. आत्याने मोसंबी उचलून टोपलीत परत टाकली.
४. आज चुलीत मोसंबीची साल जळत होती.

"तुझं हैदराबादचं शिक्षण दवाखान्यात ठेव," आत्या म्हणाली होती. "ओल्या बाळंतिणीला थंड फळ देऊन राह्यली. लेकराला खोकला झाला, मंग?" दारातल्या शेजारणी हसल्या. हेच शब्द मी लहानपणी, तू बाळंतीण होतीस तेव्हा, तुझ्या बाजेपाशी बसून ऐकलेत. आपल्या बागेतल्या मोसंबीच्या टोपल्या जालन्याच्या ठेशनावर जायच्या आणि तू सुकत चालली होतीस. तू गेलीस तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की आत्याने तुला खाऊ दिलं नाही, म्हणून गेलीस. नर्सिंग शिकले ती त्याच रागाने.

साल दिसली तेव्हा संशय हाच आला की आत्याच स्वतः खाते. मी वहिनीच्या खोलीत गेले आणि तिची बोटं हुंगली. तिने हात पदराखाली घेतला.

"वन्सं, कोणापाशी बोलू नका. शेजारणी गेल्या की आत्याबाई सोलून देतात. म्हणतात, बायांनी पाह्यलं तर लेकराच्या शिंकेचा दोषबी तुझ्यावर येईल."

मला हे पटत नाही. आत्या इतकी चांगली कधीपासून? पण चुलीपाशी मी थबकले होते ती वेगळ्याच कारणाने. तो कडवट वास माझ्या ओळखीचा होता. तू बाजेवर होतीस तेव्हाही आपल्या स्वयंपाकघरात तो यायचा. ती मोसंबी तुझ्या तोंडात जात होती की तिच्या? साल दोन्ही वेळा सारखीच जळते. तुला मिळत असेल, तर इतकी वर्षं मी कशाचा राग धरला?

शुक्रवारी बारसं आहे. बाळाची आत्या मी, नाव मी ठेवणार. पाळण्याच्या पलीकडे ती बसेल आणि बाळ तिच्या हातून माझ्या हातात येईल.

या घटकेला ती पलीकडे भाकरी थापते आहे. तिलाच विचारता येईल. पण ती हो म्हणाली तर खरं मानावं लागेल, म्हणून विचारत नाही.

तुला मोसंबी मिळत होती का, एवढंच गुरुवारपर्यंत कळव.