डाव्या हाताची चक्की

३ नोव्हेंबर

आज तिने कॉफी दळायची चक्की पाडली. कॉफीचे दाणे सगळ्या स्वयंपाकघरभर. मी गोळा करायला वाकलो तर म्हणते, "राहू दे. कोंबड्या पाळू."

कोंबड्या! म्हणजे जीभ शाबूत आहे. अल्लाची कृपा.

ही वही खरं तर माझ्या बायकोची, देव्लेताची. व्यायाम शिकवायला यास्ना येते, तिने डाव्या हाताने अक्षरं गिरवायला आणून दिली. देव्लेता म्हणाली, या वयात मुळाक्षरं गिरवायला मी काय शाळेत जाणार आहे? कोरी वही वाया जायला नको म्हणून मी लिहितोय.

४ नोव्हेंबर

सात आठवडे झाले. तेव्हा मी तांबट आळीत, दुकानात, एका चक्कीचं बूड ठोकत बसलो होतो. आणि ही इथे अर्धांगाचा झटका येऊन फरशीवर.

रोज दहाला हिची चक्की वाजते आणि ती ऐकून वरच्या मजल्यावरची मुबेरा कॉफीला उतरते. त्या दिवशी वाजली नाही. मुबेराने पाच मिनिटं वाट पाहिली आणि जादाची किल्ली घेऊन अनवाणीच धावली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

उजवा हात गेला, बाकी बाई मला परत मिळाली. तेव्हापासून दुकान बंद. मी हिला एकटी सोडत नाही.

६ नोव्हेंबर

मुबेरा म्हणाली मी दळते, मी म्हणालो मी दळतो. पोरीने, आल्दिनाने, स्वीडनहून फोन केला, विजेची पाठवते म्हणाली. देव्लेताने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. दुसऱ्याने दळलेली कॉफी पाहुण्याला देणार नाही म्हणते, त्यापेक्षा दार लावून घ्या.

दार लागलंच. हे तेच घर, जिथे तीन कॉफ्यांशिवाय पाहुणा उठला नाही! पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी वाटेला लावायची — ती पुढ्यात आली की टोपी शोधायची. तिसऱ्या कॉफीसाठी देव्लेता सगळ्या साराएव्होत प्रसिद्ध. माझ्या सख्ख्या भावाने एकदा हिच्या पालक भरून भाजलेल्या पिट्याला नावं ठेवली, तर पहिलीवरच तिसरी ठेवली होती त्याच्यापुढे.

आता ती नुसती बसते. मला हाताची भीती वाटत नाही, या बसण्याची वाटते. हिने पुन्हा स्वतः दळलं पाहिजे. चाळीस वर्षं चक्क्या करतोय, एक हिच्या हातासाठी करता येऊ नये?

८ नोव्हेंबर

पहिली युक्ती — चक्की शिकंज्याने टेबलाला आवळायची, खिम्याच्या यंत्रासारखी. करून दाखवली. "मी खाटीक आहे का?" म्हणाली.

बरोबर आहे तिचं. जन्मभर तिने खिडकीपाशी बैठकीवर बसून, रस्त्यावर कोण कुठे चाललंय ते बघत दळलं. मी टेबल मोजलं, ती कुठे बसते ते पाहिलंच नाही.

१३ नोव्हेंबर

चक्की गुडघ्यांत धरायची, पण गुळगुळीत पितळ स्कर्टवरून सटकतं. नळकांडं दोन बाजूंनी जरा चपटं केलं, वर कातड्याची पट्टी शिवली, खरखरीत बाजू बाहेर. दुपारी ही झोपली की मुबेरा हिच्यापाशी बसते आणि मी तासभर दुकानात जाऊन येतो. शटर अर्धंच वर करतो, गिऱ्हाईक नको म्हणून.

१४ नोव्हेंबर

गुडघ्यांत घट्ट बसली. फिरवता मात्र येईना.

१९ नोव्हेंबर

सापडलं! आज ती डाव्या हाताने सूप ढवळत होती. पळी हातात उलटी फिरत होती. आमच्या चक्क्या सगळ्या उजवीकडे फिरणाऱ्या. डाव्या हाताला ती दिशा म्हणजे शिक्षाच.

दाते उलटे कापायचे. एवढी साधी गोष्ट! इतक्या वर्षांत किती डावखुऱ्यांनी माझ्याकडून चक्की नेली असेल आणि बिचारे निमूट दळत बसले असतील. कुणी तक्रारही केली नाही.

नवे दाते जुनीतच बसवतोय. लग्नाच्या वर्षी हिच्यासाठी केलेली ही चक्की. लढाईत शहराला वेढा पडला, कॉफी नव्हती, तेव्हा हिच्यातच भाजलेली मसूर दळून प्यायलो आणि छान झालीय म्हणालो.

२६ नोव्हेंबर

फजिती. चार फेऱ्या झकास झाल्या, पाचव्या फेरीला दांडा हिच्या हातात आणि नट कपाटाखाली! उलटं फिरवलं की नट सुटणारच. दाते उलटे केले, नटाचे आटे तसेच ठेवले. पहिल्या वर्षाचा शिकाऊसुद्धा असली चूक करणार नाही.

देव्लेता हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चाळीस वर्षांचा उस्ताद!" म्हणाली आणि पुन्हा हसली.

त्या दिवसानंतर पहिल्यांदा. रोज दांडा निसटला तरी माझी तक्रार नाही.

२ डिसेंबर

आटे उलटे केले. मूठ नाशपातीच्या लाकडाची, जाड, स्वतःभोवती फिरणारी. दांडा दोन बोटं वाढवला तर गुडघ्याला लागायला लागला, म्हणून एकच बोट. आणि आत बेअरिंग बसवलं! लोण्यासारखी फिरते. खरखर नावाला नाही. खरं सांगतो, स्वतःवरच खूष झालो.

हिने जिन्यातून मुबेराला हाक मारून सांगितलं, उद्या दहाला दळते, ऐकू आलं की ये.

३ डिसेंबर

कसं लिहू.

दहाला सुरुवात केली. दमत दमत, थांबत थांबत, पण दळलं तिने. एकटीने. पिठासारखी बारीक. गाल लाल झालेले. पाणी चुलीवर ठेवलं, तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

मुबेरा. अनवाणी, चेहरा पांढराफटक. देव्लेताला बसलेली पाहिलं आणि तिथेच उंबऱ्याशी खाली बसून रडायला लागली. "मला ऐकू आलं नाही," एवढंच म्हणत राहिली. "दहा वाजून गेले, मला काहीच ऐकू आलं नाही."

देव्लेताने माझ्याकडे पाहिलं. "तू हिचा आवाज काढून टाकलास, हुसो."

खरखर म्हणजे दोष, हे मी लेथवर पहिल्या दिवशी शिकलो. आणि याच खरखरीने माझी बायको वाचवली होती. ती नव्हती म्हणून मुबेरा धावली होती, हे माझ्याच हाताने वर लिहिलंय! उस्ताद कसला, गाढव.

४ डिसेंबर

बेअरिंग काढलं. जुनं पितळी बुश, दांड्याभोवतीचं कडं, परत घातलं. फिरवायला जरा जड झाली. चालेल म्हणाली, काहीतरी दळतेय हे हाताला कळायला नको?

५ डिसेंबर

वाजली! लगेच जिन्यात चपला वाजल्या. दोघींनी सगळ्या गल्लीची उणीदुणी काढली, मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो. अल्लाचे किती आभार मानू.

१० डिसेंबर

रोज वाजते. मी समोरच बसतो. तिची बशी सरकवतो, पाणी तापलं का बघतो, उशी नीट करतो. यास्ना म्हणाली, आता दुकान उघडायला हरकत नाही. मी म्हणालो, बघू. मला त्या फरशीकडे बघवत नाही अजून.



१२ डिसेंबर

आज साडेआठलाच दळायला बसली. मुबेराला यायला अवकाश होता. पहिली मला दिली. दुसरी दिली, आल्दिनाबद्दल बोललो. मग पुन्हा चक्की घेतली, सावकाश दळली, आणि तिसरी माझ्या पुढ्यात ठेवली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. बशीत साखरेच्या खड्याशेजारी दुकानाच्या किल्ल्या होत्या.

हे दुकानात बसून लिहितोय. शटर पूर्ण वर आहे.