स्वरूपचं लक्ष आणि गाडीची डिकी

६ जून, सकाळी
आजपासून आमच्या स्वरूपचं मेमरी ट्रेनिंग माझ्या हातात. बेळगावच्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, पण लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही. रोज थोडं थोडं, खेळत, उड्या मारत शब्द लक्षात ठेवायला लावा. उड्या? नववं वर्ष सरलंय त्याला! मच्छे गावच्या कारखान्यात माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत. गणपतीपर्यंत पोरगं सरळ करतो.
पहिला नियम : माझ्या गाडीचा आवाज आला की गेटपर्यंत पळत येऊन डिकी उघडायची नाही. जागेवर बसायचं.

७ जून
शब्दांची कार्डं आणायला गेलो. कांदे घेऊन आलो. कार्डं उद्या.

१५ जून
मधे लिहायचं राहिलं. वही डिकीत, आणि डिकीची किल्ली सापडेना. स्वरूपनं शोधून दिली. फ्रिजमध्ये होती. स्वरूपची आई दिपाली म्हणाली, त्या मॅडमकडं तुमचंबी नाव घालूया काय? मला कामाचा लोड असतो. ते वेगळं.

१६ जून
दहा शब्द. चार आले. पाचव्याला हा सिलिंडरची गाडी बघायला बाहेर. संध्याकाळी दिपालीनं अंगणात चेंडू टाकत टाकत तेच शब्द घेतले, तर आठ. हे धरायचं नाही. चेंडू असला की कुणालाही येतं.

२८ जून
चूक सापडली. पद्धत जुनीच पाहिजे. लहानपणी मीही असाच होतो. गावाकडं आप्पा, आमचे वडील, मला गोठ्यातल्या खांबाला दाव्यानं बांधायचे, पुढ्यात पुस्तक. म्हणून तर आज सुपरवायझर आहे.
दिपालीची जुनी ओढणी आहे. मऊ आहे.

२९ जून, संध्याकाळी
दिपाली बाजारात गेल्यावर त्याला खुर्चीला बांधलं. सैलच. बांधता बांधता आप्पांचंही सांगितलं. रडला नाही.
दहा शब्द विचारले. एकही आला नाही.
मग त्यानंच विचारलं, बाबा, आप्पांनी बांधल्यावर तुमाला काय पाठ झालतं?
सांगतो म्हटलं. पाढे? कविता? काही आठवेना. शेणाचा वास आठवला. गाठ पाठीमागं असायची, तिथं हात पोचायचा नाही.
सोडायला गेलो तर मला ओढणीची गाठ सुटेना. दिपालीनं येऊन सोडली. एवढंच म्हणाली, पोरगं हाय ते, म्हस न्हवं.

१ जुलै
ट्रेनिंग बंद करायचं ठरवलं.
ड्युटीवरून येताना गेटवर हॉर्न वाजवला. परत वाजवला. कोणी आलं नाही.
आत स्वरूप खुर्चीत बसला होता. हात मांडीवर, पाय जुळवलेले. म्हणाला, बाबा, मी हाललो न्हाय. बांधू नका.
नियम पाठ झालाय त्याला.
डिकी मीच उघडली. आत नवा चेंडू होता. आठवणीनं आणला होता.