दुर्वाच्या वतीने

शहपुरा
६ जानेवारी २०२५

चि. सौ. शर्मिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी काय बोलतो ते तुला पटत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. कागदावर निदान माझं बोलणं पुरं होतं.

तेवीस फेब्रुवारीला, रविवारी, मला पंच्याहत्तर पूर्ण होतात. बसस्टँडजवळचा हॉल घेतला आहे. अमरावती-अकोल्याचे नातलग आणि इथले व्यापारी मिळून दीडशे पान होईल. पंच्याहत्तर दिवे मावतील असं पितळी ताट तुझ्या सासूबाईंनी आत्ताच घासून ठेवलं. औक्षण दुर्वा करणार. एकुलती एक नात असताना दुसऱ्या कोणाच्या हातून करून घेऊ?

दिवाळीपासून ती शाळेत जात नाही, गर्दीत तिचा श्वास अडकतो, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, हे तिच्या बापाने, विपुलने सांगितलं. सोळा वर्षांच्या पोरीला कसली आली चिंता? चार पाहुण्यांत मिसळली की मोकळी होईल, असं माझं मत आहे. मत विचारलं नव्हतंस, ठाऊक आहे.

आणखी एक. तुमच्या कॉलनीतले एक गृहस्थ दुकानात आले होते. म्हणाले, सूनबाई दर गुरुवारी संध्याकाळी खाली गाडीत काचा लावून बसतात आणि मोबाईलवर परक्या लोकांशी बोलून रडतात. घर असताना गाडीत काहून? घरचं चव्हाट्यावर मांडून कोणाचं भलं झालं आहे?

कळावे. माझा लोभ आहेच, तुझा थोडा इकडे वळवावा.
भाऊराव


जबलपूर
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गाडीचं कोडं आधी सोडवते, नाहीतर ते गृहस्थ पुढच्या खेपेला मी गाडीसकट पळून गेले असंच सांगतील. तो आईवडिलांचा ऑनलाइन गट आहे. ज्यांची मुलं दुर्वासारखी घाबरून किंवा खचून घरी बसली आहेत, असे आम्ही अकरा जण. नागपूरच्या एक समुपदेशक, यशश्री दीदी, तो चालवतात. दुर्वाच्या गोळ्या आणि डॉक्टर वेगळे. हा वर्ग माझ्यासाठी आहे. आमच्या भिंती पातळ, म्हणून गाडीत बसते. रडले एकदाच, पहिल्या गुरुवारी. आणि चव्हाटा म्हणाल, तर तिथे मुलांच्या तक्रारी करायच्याच नाहीत. आठवडाभरात आपण काय केलं, तेवढंच सांगायचं.

पहिला गृहपाठ होता, एका दिवसात मुलाला किती प्रश्न विचारतो ते मोजायचं. माझे एकेचाळीस निघाले, बाबा. जेवलीस का, झोपलीस का, गोळी घेतलीस का, अशी का बघतेस. बँकेत नवीन खातं उघडणाऱ्यालाही मी इतकं छळत नाही. गटात पनागरचे शशिकांत भैया आहेत, भाजीचे व्यापारी. त्यांचा कॅमेरा कायम छताच्या पंख्याकडे असतो. ते म्हणाले, "दीदी, मैं तो बेटे के बगल में बैठकर मटर छीलता हूँ। वो बोले तो ठीक, न बोले तो मटर तो छिल ही गए।"

मी पाच किलो मटार आणले. तीन दिवस दुर्वा आणि मी मुकाट्याने सोलत बसलो. चौथ्या दिवशी ती आपणहून म्हणाली की प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं की तिला वाटतं, आपल्या छातीतली धडधड सगळ्या शाळेला ऐकू जाते आहे. हे ती आजवर कोणाला बोलली नव्हती. फ्रीजमध्ये आता मटारशिवाय काही मावत नाही, पण मला त्याचं काही वाटत नाही.

औक्षणाचं मात्र राहू द्या. दीडशे लोकांपुढे ताट धरणं तिला झेपणार नाही. तिचा नकार समजा.

आपला लोभ आटू देऊ नये.
शर्मिला


शहपुरा
१७ जानेवारी २०२५

चि. सौ. शर्मिला हिस आशीर्वाद.

मटारावर तुझ्या सासूबाई हसल्या. मी हसलो नाही, कारण शेवटच्या ओळीपाशी अडकलो. तिचा नकार समजा म्हणजे काय? ती नाही म्हणाली की तू? मी पन्नास वर्षं भांड्यांचं दुकान केलं. सुनेच्या वतीने सासूने पसंत केलेला कुकर दुसऱ्या दिवशी हमखास परत येतो.

निमंत्रणपत्रिका छापून आल्या आहेत. "औक्षण : कु. दुर्वा" असं ठळक अक्षरांत आहे. निम्म्या वाटूनही झाल्या. आता मी लोकांना काय सांगू? एक सोबत घातली आहे. वाच आणि विचार कर.

वाईट वाटलं, म्हणून कोरडं लिहितो आहे. माया कोरडी नाही.
भाऊराव


जबलपूर
३१ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण उत्तर द्यायला तोंड नव्हतं. तुमचं पाकीट दुर्वाने फोडलं. पत्रिका वाचली, पत्रही वाचलं. मग दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं. विपुल रिछाईच्या कारखान्यातलं काम अर्ध्यावर टाकून दुपारी घरी आला आणि दाराबाहेर नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तिने दार उघडलं आणि एकच बोलली, "दादाजी ने मेरी तरफ से हाँ बोल दिया, आपने ना बोल दिया। मुझसे किसी ने पूछा?"

एकेचाळीस प्रश्न विचारणाऱ्या आईने नेमका हाच एक विचारला नव्हता.

गुरुवारी मी हे गटात सांगितलं. कोणी उपदेश केला नाही. यशश्री दीदींनी एवढंच विचारलं की नाही लिहिताना मला भीती कशाची वाटत होती. मी म्हटलं, मुलीची. गाडीतल्या गाडीत मला कळलं की मी खोटं बोलते आहे. ती ताट घेऊन थरथरली असती तर लोक मला काय म्हणतील, याची भीती होती. मला माझी लाज वाटली, बाबा. घरी येऊन हे जसंच्या तसं दुर्वाला सांगितलं आणि तिची माफी मागितली. त्या रात्री ती दार उघडं ठेवून झोपली.

आता तुम्हाला विनवते. तिला तुम्ही स्वतः लिहा. हिंमत धर, आमच्या वेळी असं नव्हतं, लोक काय म्हणतील, यातलं काही नको. प्रश्न एकच विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी ते घ्यायची तयारी ठेवूनच विचारा.

रागावला असलात तरी लोभ असू द्यावा.
शर्मिला


शहपुरा
४ फेब्रुवारी २०२५

चि. दुर्वा हिस,
आजोबांचे खूप आशीर्वाद.

तुझ्या आईने पत्र लिहायचे नियम पाठवले आहेत. एवढे नियम जीएसटीलाही नाहीत. तरी पाळतो.

तुला न विचारता तुझं नाव छापलं ही माझी चूक. चाळीस पत्रिका उरल्या होत्या, त्यांवरची ती ओळ मी काळ्या शाईने खोडली. ज्यांना गेल्या त्यांचं मी बघून घेईन, तो माझा प्रश्न आहे.

एक गोष्ट तुझ्या आजीलाही सांगितलेली नाही. मला त्या हॉलची धास्ती वाटते. दीडशे माणसं बोलणार आणि मला एक शब्द कळणार नाही. लोक हसले की मी हसणार, मान हलवणार. घरी आल्यावर अंगातलं त्राण जातं. दरवेळी असंच होतं.

आता एकच विचारतो. तुला औक्षण करायचं आहे का, आणि असेल तर कसं? उत्तर हिंदीत दिलंस तरी चालेल. नाही म्हणालीस तरी चालेल. आजोबा म्हणून मी कुठे जात नाही.

तुझा,
आजोबा


जबलपूर
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजोबा,
नमस्कार.

माझी मराठी गलत असेल, हसू नका. मला औक्षण करायचं आहे. पण लोकांच्या समोर नाही. सकाळी सहा वाजता, तुमच्या किचनमध्ये. आजी चालेल. आई नको, ती माझा चेहराच बघून राहते. पापा गाडी चालवतील आणि आई बाहेर गाडीत बसेल. तिला आदत आहे.

हॉलमध्ये येईन की नाही ते त्याच दिवशी सांगेन. शायद नाही. आणि समजा सकाळी पण नाही जमलं, तर तुम्ही नाराज होऊ नका. मी कोशिश करून राहिली आहे.

तुम्ही हॉलमध्ये लोकांना सांगून का नाही देत की ऐकू येत नाही? मला डॉक्टरांनी असंच सांगायला सांगितलं आहे, जे होतं ते बोलायचं. मला पण जमत नाही. तुम्ही पहिले करून बघा.

तुमची,
दुर्वा


शहपुरा
२५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शर्मिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू तासभर गाडीत बसून राहिलीस आणि परत जाताना पोरीला एक अक्षर विचारलं नाहीस, असं विपुलकडून कळलं. शाबास. म्हणून आत काय झालं ते मी कळवतो. दुर्वाला विचारून लिहितो आहे आणि किती लिहायचं तेही तिनेच ठरवलं आहे.

ताट ओट्यावर ठेवलं होतं. ती एकेक वात लावत गेली. दोन काड्या विझल्या. घाबरू नकोस असं माझ्या तोंडात आलं होतं, ते गिळलं. या वयात एवढं गिळणं सोपं नाही. एकतीस दिवे लागले आणि ती थांबली, पाटावर बसली, म्हणाली, आज एवढेच. तुझ्या सासूबाई उरलेले लावायला सरसावल्या, मी त्यांचा हात धरला. दहा मिनिटांनी ती उठली आणि एकतीस दिव्यांनी मला ओवाळलं. मी म्हटलं, मग आजपासून मी एकतीस वर्षांचा. ती हसली. ऐकू आलं नाही, पण दिसलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तिला हॉलमध्ये यायचं नव्हतं आणि तुम्ही तिघं सकाळीच घरी परतलात, म्हणून तिथलंही कळवतो. औक्षण पहाटे घरी झालं, एवढं मी लोकांना सांगितलं. काही लोकांनी नाकं मुरडली, पण जेवण सोडून कोणी गेलं नाही. मग माईक मागून घेतला आणि जाहीर केलं की मला ऐकू येत नाही, ज्याला बोलायचं असेल त्याने जवळ येऊन मोठ्याने बोलावं. अर्धा दिवस सगळा हॉल माझ्या कानात ओरडत होता. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

गुरुवारच्या वर्गात आजोबा चालतात का, ते यशश्रीबाईंना विचार. ऐकू येत नसलं तरी गप्प बसायची सवय मला उपयोगी पडेल. गाडीत दोघांना जागा आहे.

ओवाळून झाल्यावर दुर्वा आणि मी ओट्यापाशी बराच वेळ बसलो होतो. माझ्या कानाशी तोंड आणून ती पुष्कळ बोलली. त्यातलं तुला कळवायला तिने एकच वाक्य दिलं आहे: अजून बरं वाटत नाही, पण पुढच्या महिन्यात आजोबांकडे पुन्हा यायचं आहे.

बाकीचं माझ्यापाशी राहील. तू विचारू नकोस.

लोभ आहे, वाढतोच आहे.
भाऊराव