बिनभंगाराचा महिना

२८ सप्टेंबर १९७१
खंडेनवमी. कारखान्यात पूजा झाली. फोरमन गुणवंतने यंदा सगळी हत्यारे लेथवर फिरवून, पॉलिश पेपर लावून चकचकीत केली — बुशचे भोक तपासायचे पोलादी गेजसुद्धा. ते आरपार गेले तरच बुश पास. "देवीपुढं कळकट कसं ठेवू, साहेब?" मालक बापूसाहेब खूश.
हे पितळी बुश, म्हणजे पिन फिरायची छोटी नळकांडी, फौजी ट्रकच्या पुढच्या चाकांत बसतात. जावई दिवाकर असाच ट्रक चालवतो. लेक ज्योती सध्या आमच्याकडेच आहे.

३० ऑक्टोबर
महिन्याचा खर्च काढताना हात थांबला. एकही बुश नापास नाही! नापास माल न्यायला आलेला भंगारवाला घमापूर मोहल्ल्यात रिकाम्या हाती परतला — "बाबूजी, इस बार कुछ भी नहीं?" लेथ जुनेच, कारागीर तेच, घाई मात्र तिप्पट. मग नापास माल गेला कुठे?
बापूसाहेब हसले. "नफा झाला की लोक पेढे वाटतात, मुरलीधरजी. तुम्ही तोंड पाडून बसले."

९ नोव्हेंबर
ओळखीच्या एका कारखान्यातून त्याच मापाचे, न घासलेले गेज मागून आणले. पास झालेल्या बुशांत आमचे गेज सरकन गेले. मागून आणलेले एकातही शिरेना.
म्हणजे पॉलिशने आमचे गेज झिजले, आणि भोके लहान राहिली. पिन त्यांत ठोकून बसवतील. तापून फुगली की चाक वळणावर अडकेल.
गुणवंतने आमचे गेज हातात घेऊन फिरवून पाहिले. "दरसाल हातानं करतो. यंदा घाई होती म्हणून लेथवर लावलं, साहेब."
बापूसाहेबांनी दार लावून घेतले. "गेज बदलून टाका. गेला तो माल गेला. तोंड उघडलं तर कारखाना बसते."

१० नोव्हेंबर
ज्योती दिवाकरसाठी स्वेटर विणून राहिली आहे. तिच्याकडे पाहवेना.

१२ नोव्हेंबर
छावणीत, सदरला जाऊन फौजेच्या तपासणी अधिकाऱ्यांना सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आभार मानले नाहीत. दसऱ्यानंतरचा माल डेपोतच थांबवला. जो गाड्यांत बसला होता, तोही काढून घेणार. बदली माल मिळायला वेळ लागेल, एवढेच म्हणाले.
घरी काही बोललो नाही.

२० नोव्हेंबर
बापूसाहेबांनी माझे टेबल गोदामात हलवले. गुणवंत नजर चुकवतो. पण जे केले ते योग्यच केले.

४ डिसेंबर
लढाई सुरू. खिडक्यांना काळे कागद लावले.

६ डिसेंबर
दिवाकरच्या तुकडीची रेलगाडी स्टेशनात थोडा वेळ थांबली. निरोप मिळताच ज्योती धावत जाऊन भेटून आली. मला ताट वाढता वाढता सांगत होती, "नवे बुश कोणीतरी डेपोतच अडकवले म्हणे. यांच्या ट्रकला जुनेच, झिजलेले ठोकून दिले. चाक आत्ताच डगमगतं म्हणाले."
मग म्हणाली, "लढाईच्या वक्ताला असं काहून करतात हो लोक, बाबा?"