आधी पाणी, मग चौकी

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

दिल्लीहून आत्ताच फोन आला आणि सवयीनं तुम्हाला हाक मारणार होते! कारध्याच्या घरात आता ऐकायला आईच. ती "बरं झालं" म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली. पण भांडल्याशिवाय माझा आनंद पुरा होत नाही, म्हणून हे पत्र.

यादवीनं मोडलेला तो देश आठवतो? सरकारी समितीबरोबर मी जाऊन आले होते तो? त्याला भारतानं काय द्यावं, यावर आपण किती जेवणं थंड केली! मी म्हणायचे, विहिरी आणि दवाखाने. जवाहरनगरच्या कारखान्यात दारूगोळा करण्यात तुमचा जन्म गेला. तुमचं उत्तर ठरलेलं: "पयले चौकी. सरकारच पडलं त तुया दवाखाना कोन चालवन?"

"आपला जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा हद्दीवर चौकी बसवली होती का?" मी विचारायचे.

"गोंदियावाल्याईपाशी बंदुका नोहोत्या, बाई!"

आई पदर तोंडाला लावून हसायची.

मग दिघोरीच्या तलावाची गोष्ट मला का सांगितली हो? भाताच्या रोवणीच्या दिवसांत कोणीतरी चोरून तलावाचं दार उघडायचं. गावानं पहारा वाढवला, तरी चोरी होतच राहिली. कारण चोरणारे तेच होते, ज्यांच्या खालच्या बांध्यांपर्यंत, शेवटच्या शेतांपर्यंत, पाणी कधी पोचतच नव्हतं! शेवटी गावानं पहिली पाळी त्यांना दिली आणि पहाराही त्यांच्याकडेच सोपवला. चोरी थांबली. सांगताना तुम्ही खूप हसलात. पण हे माझंच म्हणणं आहे, असं एकदाही कबूल केलं नाहीत. काहून, बाबा?

तीच गोष्ट मी दिल्लीत समितीच्या बैठकीत सांगितली. त्या देशातल्या डोंगरावरची एक बाळंतीण चौकीकडे बोट दाखवून मला म्हणाली होती, "हे शिपाई नेमकं कुणाला वाचवायला आलेत?" तेही सांगितलं.

"मॅडम, हे परराष्ट्र धोरण आहे, पाटबंधारे खातं नाही," एक अधिकारी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. मग अध्यक्षांनी हळूच विचारलं, "चोरी खरंच थांबली?"

आज निर्णय झाला. पहिली मदत डोंगरावरच्या गावांना: पाणी आणि बाळंतपणाच्या खोल्या. चौक्या त्यानंतर, आणि त्यांत माणसं त्याच गावांतली. औषधांच्या वाटेवर मात्र पहिल्या दिवसापासून पहारा. ते कलम तुमचं आहे! "औषधाचा ट्रक मधातच लुटला त?" असं तुम्हीच विचारलं होतंत. त्यावर पहाऱ्यावाचून दुसरा उपाय मला अजूनही सापडलेला नाही.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "कागदावर पाणी वाहून राहिलं, पोरी." खरं आहे. म्हणून हिवाळ्यात मी पुन्हा जाणार आहे. त्या बाईच्या दारात पाणी आलेलं दिसलं, तर पोटभर मिरवीन. आणि तिथं अजून फक्त बंदुकाच दिसल्या, किंवा आपला पहाराही कमी पडला, तर तेही भर बैठकीत उभं राहून सांगेन. माझं चुकलं असेल तर तुमचं नाव घेऊन. वचन देते.

तुमची भांडखोर,
सुजाता