धुतलेल्या चादरींचा वास

३ मार्च
शी! परत तोच वास.

यांच्या पोटावरची शौचाची पिशवी काढून, आतडं आतून जोडून महिना होऊन गेला. पिशवी होती तेव्हा मीच बदलायचे, पुसायचे. एकदाही नाक मुरडलं नाही. आणि आता घरात काही नाही तर ओकारी येते! पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, मोरीत फिनेल ओतलं. थोरल्या नणंदबाई येऊन कोपरा न् कोपरा हुंगून गेल्या. "कुठाय वास? उगाच नाकानं कांदे सोलू नकोस."

६ मार्च
दोघांचीही ताटं तशीच उचलली. घास फिरतो तोंडात.

९ मार्च
आज लाँड्रीत शोभा झाली. हॉटेलांच्या चादरी धुऊन माझ्या टेबलावर आल्या की घडी घालण्याआधी कोपरा नाकाशी धरायचा. जरा शंका आली की परत मशीनला. इतकी वर्षं माझ्या नाकावर सगळ्यांचा भरवसा! आज मी चादरींची अख्खी ढकलगाडी परत पाठवली. पुन्हा धुऊन आली — पुन्हा पाठवली. मग सुपरवायझर बाईंनी स्वतः चादर तोंडावर धरली. "अगं, साबणाचा वास आहे. नुसता साबणाचा." सगळ्यांदेखत! मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्यापासून मी कपड्यांची तुटलेली बटणं लावणार. घडीचं टेबल दुसरीला दिलं.

१३ मार्च
ऑपरेशनवाले डॉक्टर खूश. "टाके सुंदर भरलेत. पोट झकास चालतंय." मी वासाचं विचारलं. तर आवाज खाली आणून म्हणतात, "आजार यांना झाला, धसका तुम्ही घेतलाय. मनाच्या डॉक्टरांना दाखवा." चिठ्ठीसुद्धा दिली.

म्हणजे मी वेडी! पोट यांचं बिघडलं आणि डोकं माझं? वा रे न्याय! आणि हे — बुटांकडे बघत बसले. माझ्या बाजूनं एक शब्द बोलले असते तर जीभ झडली असती का?

१४ मार्च
चिठ्ठी फाडून टाकली.

१७ मार्च
किळस येते. यांची नाही, त्या वासाची — खोटं कशाला लिहू? यांचीच येते! चहा देताना यांनी खांद्यावर हात ठेवला. मी पाल पडल्यासारखी उडाले. कप फुटला. हे खाली बसून काचा वेचत राहिले. वेचता वेचताच म्हणाले, "मी ताईकडे राहायला जातो. तुला त्रास नको."

जा, म्हटलं.

दवाखान्याच्या बाकड्यावर झोपून, देव पाण्यात ठेवून ज्याला परत आणलं, त्याला जा म्हटलं! थू माझ्यावर.

१८ मार्च
सकाळी हे निघाले. दारात, चपला घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही येतो गं तो वास. तीन-तीनदा आंघोळ करतो, जातच नाही."