बाबांच्या नावातला साप

राजधानी, पुराच्या ऋतूचा दुसरा महिना, नववा दिवस

चि. सेनेबतिसीस दादाचे अ. उ. आशीर्वाद. साप वगळता सर्व क्षेम असावे.

बाबा हयातीतच शवपेटी करून घेताहेत हे उत्तम. पण तुझ्या निरोपावरून कळलं की आतल्या बाजूला त्यांचं नाव चित्राक्षरांत लिहिताना त्यातलं सापाचं अक्षर अख्खं काढायचा बेत आहे. हा हेतेपी चितारी कुठल्या अडाण्याचा शिष्य? पेटीतला साप तोडूनच काढायचा, नाहीतर तो जिवंत होऊन आत निजलेल्यालाच डसतो, हे माझ्या शाळेतली शेंबडी पोरंही जाणतात. मान आणि धड यांत बोटभर फट ठेवायला सांग.

बाबांच्या पायांची सूज कशी आहे? मला यायला जमणार नाही. शाळेची तपासणी आहे. माझ्यावर लोभ ठेव, सापावर नको.

तुझा दादा,
अंखू

अबदू, त्याच महिन्याचा एकविसावा दिवस

ती. दादास सेनेबतिसीचा सा. न. वि. वि.

मला लिहिता-वाचता येत नाही हे विसरलास ना? तुझं पत्र हेतेपीनेच वाचून दाखवलं, हेही तोच लिहितोय. 'अडाणी' शब्द त्याने दोनदा वाचला.

त्याने साप तोडकाच काढला होता. बाबांनी पुसायला लावला. म्हणाले, माझं नाव सेनेबेफ, म्हणजे 'तो बरा आहे', आणि त्यातला 'तो' लिहायचं अक्षर म्हणजेच साप. तोच तोडलात तर बरं कोण आहे, शेजारचं गाढव? मी म्हटलं, डसेल हो. तर म्हणे, जन्मभर त्याच्यासोबत एका नावात राहिलो, कधी चावला नाही. चावतो तो आमचा थोरला.

आता सापाची जागा कोरी ठेवलीय. अंखूला एवढं कळतं तर त्याने स्वतः येऊन काढावा, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही, म्हणतात. दादा, सूज मांड्यांवर चढली. वैद्य औषध सोडून माझीच समजूत घालतो. नाव अपुरं राहिलं तर पलीकडे त्यांना हाक कोण मारणार? माया आहे ना? मग ती घेऊन इकडे ये.

तुझी,
सेनेबतिसी

राजधानी, पुराचा तिसरा महिना, दुसरा दिवस

चि. सेनेबतिसीस घाईतले आशीर्वाद.

तपासणी गेली खड्ड्यात. वारा उत्तरेचा आहे, उद्या कांद्याच्या नावेत बसतो. हे पत्र सरकारी नावेने माझ्याआधी पोचेल. बाबांना सांग, व्याकरण त्यांचं बरोबर, शास्त्र माझं. उरलेलं समोरासमोर भांडू. हेतेपी, हे तूच वाचतोयस, तेव्हा मुकाट्याने रंग घोटून ठेव.

लोभ असावा, आणि मी पोचेपर्यंत बाबाही असावेत.

अंखू